सतरा सप्टेंबर आणि अनंत चतुर्दशी



सप्टेंबर उजाडला की आमच्या रेडिओच्या खोलीत एक काम ठरलेले असते, १७ तारखेचा दिनविशेष. त्या दिवशी पोरे सकाळी लवकर शाळेत जातात, हुतात्मा स्मारकापुढे झेंडावंदन होते, कुणी तरी पाहुणे मराठवाडा मुक्तिसंग्रामावर भाषण करतात. आम्हीही कार्यक्रम करतो. यंदा ठरवले की नेहमीचे झाल्यावर थोडे पुढे जायचे आणि याच तारखेला जगात आणखी काय काय घडले ते शोधायचे. शोधायला बसलो तर बरेच सापडले. पण शोधता शोधता दुसरीच एक गोष्ट हाती लागली. ती आज सांगायची आहे.

आधी तारखेचे सांगून टाकू.

१७ सप्टेंबर १७८७ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ३९ पुरुषांनी त्यांच्या देशाच्या राज्यघटनेवर सह्या केल्या. त्या घटनेची सुरुवात ‘आम्ही लोक’ अशी आहे. त्या लोकांत बाया धरल्या नव्हत्या, आणि गुलाम म्हणून राबवलेली माणसेही नव्हती. तिथल्या बायांना देशभर मताचा हक्क मिळायला १९२० साल उजाडावे लागले. मधे १३३ वर्षे गेली. आपल्याकडे २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली ती बाई आणि पुरुष दोघांना सारखे मत देऊनच. तरी पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना देशभरात जवळपास २८ लाख बायांची नावे गाळावी लागली. नाव विचारले की बाई सांगायची, अमक्याची आई, तमक्याची बायको. स्वतःचे नाव परक्या माणसाला सांगायची रीत नव्हती. हे उत्तरेकडच्या राज्यांत जास्त झाले, पण आपल्या आज्यांचे काय वेगळे होते? नवऱ्याचे नाव उखाण्याशिवाय घेता येत नव्हते आणि त्यांचे स्वतःचे नाव कुणी विचारत नव्हते.

१७ सप्टेंबर १८७९ रोजी तमिळनाडूतल्या इरोड गावी पेरियार रामस्वामी जन्मले आणि सहा वर्षांनी त्याच तारखेला, १८८५ साली, आपल्या पनवेलला प्रबोधनकार ठाकरे. दोघेही जातीच्या उतरंडीवर तुटून पडले. पेरियारांनी भटजीशिवाय, स्वाभिमानाने लावलेल्या लग्नांची चळवळ चालवली. प्रबोधनकारांनी हुंड्याविरुद्ध मोहीम काढली. हुंडा घेणाऱ्या नवरदेवाच्या मांडवापुढे त्यांचे स्वयंसेवक गाढवाची वरात न्यायचे. आजही लग्नसराईत अशी दोन-चार गाढवे तयार ठेवायला हरकत नाही, असे आमच्या गटातल्या एका मावशींचे मत पडले.

असो. ही तारीख आपल्या जिल्ह्याची झाली ती १९४८ साली.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा बार्शीत, सोलापुरात पेढे वाटले गेले. तिथून दोन-चार कोसांवर, हद्दीच्या अलीकडे आपण होतो आणि आपण मोगलाईत होतो. हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली भारतात सामील व्हायला तयार नव्हता. त्याच्याच नावावरून आपल्या धाराशिवचे उस्मानाबाद केलेले होते. ते नाव २०२३ साली कागदावरून बदलले. त्या वेळच्या जिल्ह्यात लातूरही होते, ते १९८२ साली वेगळे झाले. हे मुद्दाम सांगतो, कारण रझाकारांचा पुढारी कासीम रझवी याच लातूरला वकिली करायचा. रझाकार कुठून तरी दूरवरून आले असे समजू नये.

आणि त्यांना उत्तर देणारी माणसेही इथलीच. आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा होती. उर्दूचा सरकारी अंमल असलेल्या मुलखात ती शाळा मराठी मुलांना देशाचे धडे द्यायची. तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे मास्तर शिकवत. १४ जानेवारी १९३२ ला त्यांनी हिप्परग्यातच संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे सगळ्या हैदराबाद संस्थानची चळवळ त्यांनी चालवली.

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या त्या तेरा महिन्यांत गावेच्या गावे हद्दीपलीकडे गेली. बार्शी तालुक्यात, सोलापूरकडे निर्वासितांच्या छावण्या पडल्या आणि लढणाऱ्यांचे कॅम्पही उभे राहिले. आज आपण येडशीहून बार्शीला बाजाराला जातो. त्या वाटेने तेव्हा बाया पोर काखेला आणि डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन रात्री चालायच्या. भूम तालुक्यातल्या ईटच्या गोदावरीबाई रझाकारांशी झुंजताना गेल्या, त्यांचे नाव हुतात्म्यांत घेतात. जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके घोड्यावर बसून, हत्यार घेऊन लढल्या. भाषणांत ही दोन नावे येतात तेवढीच. ज्यांनी कॅम्पात पन्नास-पन्नास माणसांच्या भाकरी थापल्या आणि लुगड्याच्या घडीत चिठ्ठ्या नेल्या, त्या बायांची यादी कुणी केली नाही.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारताची फौज सोलापूरहून निघाली. मेजर जनरल चौधरी तिचे प्रमुख होते. पहिली लढाई झाली ती आपल्या नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल हे त्या लढाईतले मोलाचे ठिकाण होते. हैदराबादला जाणारा रस्ता त्यावरून जायचा, आणि भाद्रपदाचा पाऊस होऊन नद्या भरल्या होत्या. पूल उडवायचे काम निजामाकडे नोकरीला असलेल्या एका गोऱ्या माणसावर सोपवले होते. त्याला वेळ मिळाला नाही. पूल शाबूत हाती आला आणि तो माणूस पकडला गेला. शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग त्या दिवशी नळदुर्गजवळ शहीद झाले. आपल्या देशातले पहिले अशोक चक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्यातल्या गावचा हा माणूस आपल्या मातीत पडला, हे नळदुर्गचा किल्ला बघायला जाणाऱ्या सहलींना क्वचितच कुणी सांगते.

नऊच्या सुमारास रणगाडे जळकोटला पोचले आणि दुपारी सव्वातीनला उमरग्याला. दुसरी तुकडी पहाटेच तुळजापूरला आली होती. तिथे निजामाचे सैनिक आणि दोनशेच्या आसपास रझाकार दोन तास लढले, मग शरण आले. लोहाऱ्याकडे जाणारी वाट नदीला पूर असल्याने अडली. म्हणजे एका दिवसात आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग मोकळा झाला. आपल्या कितीतरी गावांना सुटकेचा दिवस १७ चा नव्हता, १३ चा होता.

मग १७ काय? पाचव्या दिवशी, १७ तारखेच्या संध्याकाळी, निजामाने हैदराबादच्या रेडिओवरून लढाई थांबवल्याचे जाहीर केले. रेडिओवाल्या बाया म्हणून आम्हाला ही गोष्ट फार जवळची वाटते. एवढे मोठे राज्य संपल्याची बातमी माणसाच्या तोंडून, आवाजातून आली. गावात ती ज्याच्या घरी रेडिओ होता त्याच्या ओसरीवरून फुटली असेल, नाहीतर बाजारकरी माणसांच्या तोंडून दोन दिवसांनी पोचली असेल. शस्त्रे खाली ठेवायचा रीतसर कार्यक्रम तर दुसऱ्या दिवशी, १८ ला दुपारी झाला. निजामाचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. एकाच घटनेला १३, १७, १८ अशा तीन तारखा. त्यातली १७ सरकारने धरली.

तिचे नावही सगळीकडे सारखे नाही. आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणतो. उमरग्यापलीकडे हद्द ओलांडली की कर्नाटकात तोच दिवस कल्याण कर्नाटक उत्सव होतो. तेलंगणात तर काही वर्षे केंद्र सरकार मुक्ती दिन म्हणते आणि राज्य सरकार त्याच दिवशी दुसऱ्याच नावाने झेंडा लावते.

हे सगळे गोळा करून आम्ही गावातल्या म्हाताऱ्या बायांकडे गेलो. अठ्ठेचाळीस साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, तेव्हा उशीर करून चालणार नव्हते. आम्ही विचारले, आजी, १७ सप्टेंबरला तुमच्या गावात काय झाले होते? बहुतेक जणींनी आमच्याकडे नुसते बघितले. ही तारीख त्यांना ठाऊकच नव्हती. मग ‘रझाकारी’ म्हटल्यावर आणि ‘पोलीस ॲक्शन’ म्हटल्यावर बोलायला लागल्या. त्यांच्या हिशेबात इंग्रजी महिने नाहीत. वय विचारले तर म्हणतात, रझाकारीत मी रांगत होते. थोरला मुलगा बहात्तरच्या दुष्काळातला. नात भूकंपाच्या आधीची. आणि दिवस विचारला तर सण सांगतात. त्यांच्यापैकी काहींच्या बोलण्यात आले की गौरी जाऊन दोन-तीन दिवस झाले होते, तेव्हा लढाई लागली. गणपती अजून बसलेले होते.

तिथे आम्ही थांबलो आणि पंचांग बघितले. १७ सप्टेंबर १९४८ हा शुक्रवार होता आणि त्या दिवशी भाद्रपद शुद्ध चतुर्दशी होती. म्हणजे अनंत चतुर्दशी. निजामाने रेडिओवर हार जाहीर केली त्या संध्याकाळी, ज्या घरांत दहा दिवसांचा गणपती होता तिथे विसर्जनाची तयारी होती आणि अनंताचे व्रत असलेल्या घरांत चौदा गाठींचा दोरा हाताला बांधून झाला होता.

आता अनंत चतुर्दशी म्हटल्यावर लोहारा-उमरग्याकडच्या बाईच्या मनात काय येते? रझाकार नाहीत येत. भूकंप येतो. १९९३ साली अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. रात्री गणपती बुडवून लोक घरी आले, अंग टाकले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली.

तारखेने पाहिले तर १७ सप्टेंबर आणि ३० सप्टेंबर हे दोन वेगळे दिवस आहेत. एकाला झेंडावंदन, दुसऱ्याला श्रद्धांजली. सरकारी दिनविशेषात ते कधी शेजारी बसणार नाहीत. पण आपल्या घरातल्या पंचांगाने पाहिले तर आपल्या जिल्ह्यातल्या या दोन सर्वांत मोठ्या घटना एकाच तिथीला येऊन टेकतात. अनंत चतुर्दशीचा दिवस मावळताना निजामी मावळली, आणि पंचेचाळीस वर्षांनी त्याच तिथीची रात्र सरताना सास्तूर, होळी, राजेगाव, किल्लारी पडली. यात कसला दैवी संकेत आहे असे आम्ही म्हणत नाही आणि कुणी सांगितले तर ऐकूही नका. भूकंपाला तिथी कळत नाही. सांगायचे एवढेच की आपण कोणत्या कॅलेंडरने मोजतो त्यावर कोणत्या आठवणी जवळजवळ येतात ते ठरते.

तिथी आणि तारीख यांची फारकत का होते तेही सांगतो, कारण पोरे विचारतात आणि आपण ‘तसंच असतं’ म्हणतो. तारीख सूर्यावर चालते, वर्षाचे ३६५ दिवस. आपला महिना चंद्रावर चालतो, अमावस्या ते अमावस्या साडेएकोणतीस दिवस. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. म्हणजे दर वर्षी सण अकरा दिवस आधी येतात. हे असेच चालले तर दिवाळी पावसाळ्यात येईल, म्हणून तीनेक वर्षांनी एक जादा महिना घालतात. तोच आपला धोंड्याचा महिना, ज्यात जावयाला बोलावून अनारसे घालावे लागतात. उदाहरण अगदी ताजे आहे. २०२४ साली अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला आली. २०२५ साली अकरा दिवस आधी, ६ सप्टेंबरला. यंदा २०२६ ला ज्येष्ठात धोंडा आला, त्यामुळे गणपती पुढे गेले आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. एकोणीस वर्षांनी सूर्य आणि चंद्र यांचा हिशेब जवळजवळ पुन्हा जुळतो. १९४८ मध्ये चार वेळा एकोणीस मिळवा, २०२४ येते. म्हणून दोन वर्षांमागे सकाळी मुक्तिसंग्रामाचा झेंडा आणि संध्याकाळी विसर्जन असे एकाच दिवशी झाले. अठ्ठेचाळीस साली होते अगदी तसे. तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आले नाही, आमच्याही नाही.

मुसलमान बहिणींचे महिनेही चंद्राचेच, पण त्यांत जादा महिना नसतो. म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. २०२४ ला ईद-ए-मिलाद १६ सप्टेंबरला होती, विसर्जनाच्या आदल्या दिवशी. मुंबईत तिची सुट्टी १८ वर नेली, म्हणजे दोन्ही मिरवणुका शांतपणे व्हाव्यात.

आणि निजामाच्या कचेरीत तिसरेच कॅलेंडर होते, फसली सन. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात १३५७ फसली चालू होते. हे कामाचे आहे म्हणून लक्षात ठेवा. जमिनीचे जुने कागद काढायला गेलात आणि त्यावर १३२५, १३४० असे साल दिसले, तर कागद शिवाजी महाराजांच्याही आधीचा आहे असे समजून दचकू नका. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल येते, फार तर एखाद्या वर्षाने मागेपुढे. वारसाच्या नोंदीत आजीचे नाव होते की नव्हते हे बघताना हा हिशेब उपयोगी पडतो.

आता त्या अनंत चतुर्दशीनंतरचे. हे बोलावे की नाही यावर आमच्या गटात दोन बैठका झाल्या. शेवटी ठरले की बोलायचे, कारण गटात बसणाऱ्या सगळ्या जणी एकाच बाजूच्या आठवणी घेऊन बसत नाहीत.

रझाकारांनी जे केले ते आपण दर वर्षी ऐकतो. जाळलेली घरे, लुटलेली गावे, बायांवरचे अत्याचार, सगळे खरे आहे. पण निजाम हरल्यावर पुढचे काही आठवडे त्याचा सूड निघाला, आणि तो रझाकारांवरच निघाला असे नाही. रझाकारांशी काही देणेघेणे नसलेले मुसलमान शेतकरी, विणकर, मजूर, त्यांच्या बायका, पोरे त्यात सापडली. तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या तेव्हा सरकारने पंडित सुंदरलाल यांच्यासोबत काही जणांना पाहणीला पाठवले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ही मंडळी गावोगाव फिरली. त्यांच्या अहवालात संस्थानभर मिळून २७ हजार ते ४० हजार माणसे गेल्याचा अंदाज आहे. सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून त्यात चार जिल्हे नोंदले आहेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. पहिलेच नाव आपले आहे. तो अहवाल कित्येक दशके छापला गेला नाही. अलीकडच्या काळात तो अभ्यासकांना बघायला मिळू लागला.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, ती आम्हाला तितकीच मोठी वाटते. काही ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतःचे जीव गमावले. पळवून नेलेल्या बायांना परत आणायलाही हिंदू माणसांनी मदत केली. ही नोंद आहे म्हणजे घरे होती, दारे होती, आणि त्या दारांमागे कुणी तरी कणगीत, वैरणीत माणूस लपवून वर भाकरी पुरवली होती. ते काम चुलीपाशी बसणाऱ्या बाईला वगळून झाले असेल असे आम्हाला वाटत नाही. तिचे नाव मात्र कुठे नाही.

म्हणून १७ सप्टेंबरला झेंडा लागतो तेव्हा एखाद्या घरात आजी गप्प बसलेली असेल तर तिच्या देशप्रेमावर शंका घेऊ नये. तिच्या घरी त्या भाद्रपदात काय झाले ते तिला कुणी विचारलेले नसते. निजामी गेली हे चांगलेच झाले, त्याबद्दल आमच्या मनात दुमत नाही. ती गेली नसती तर आज आपल्याला मत नसते आणि हा कार्यक्रमही नसता. पण जाताना काय काय तुडवले गेले तेही याच मुलखाचे आहे.

दुसऱ्या अनंत चतुर्दशीनंतरचे सांगायला आमच्यातल्याच कितीतरी जणी साक्षीदार आहेत, म्हणून थोडक्यात. लातूर आणि आपला जिल्हा मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. जमिनीच्या हादऱ्यापेक्षा घरांनी जास्त मारले. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर माळवद, त्यावर दर वर्षी पावसाळ्याआधी टाकलेला मातीचा नवा थर. उन्हाळ्यात गार राहणारे घर त्या पहाटे अंगावर बसले. ५२ गावे उठवून नव्या जागी वसवली. पण त्यापेक्षा कितीतरी जास्त गावांत घरे पडली नव्हती, तडकली होती. ती दुरुस्त आणि मजबूत करायचे काम मोठे होते, आणि सरकारी माणूस यायचा तो घरातल्या पुरुषाशी बोलून जायचा.

तिथे बाया पुढे आल्या. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या मदतीने हजाराहून जास्त गावांत महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमले. ज्यांनी तोपर्यंत ग्रामसभेत तोंड उघडले नव्हते त्या बाया घराघरांत जाऊन भिंतीची भेग मोजायला शिकल्या. आडवा बांधदगड कुठे घालायचा, सिमेंटचा पट्टा कुठे द्यायचा, अनुदानाचा हप्ता कशावर अडला, हे त्या गवंड्याला आणि इंजिनियरला विचारू लागल्या. गवंडी हसायचे. नंतर हसायचे थांबले, कारण बिलावर त्यांचे काम बघून सांगणारी बाईच असायची. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा आपल्याकडच्या बाया तिकडे गेल्या आणि तिथल्या बायांशी बोलल्या. आमच्या भागातले आजचे कितीतरी बचत गट त्या दुरुस्तीच्या कामातून उभे राहिले आहेत.

एवढ्या सगळ्याची नोंद कुठल्या तारखेखाली करायची? ३० सप्टेंबरच्या दिनविशेषात मेलेल्यांचा आकडा येतो. भेगा मोजणाऱ्या बायांना दिवस नाही, तसा अठ्ठेचाळीस सालच्या भाकऱ्यांनाही नाही.

यंदा आम्ही एक ठरवले आहे. १७ सप्टेंबरचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे होईल. २५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुपारी, विसर्जनाच्या आधी दुसरा होईल. त्यात फक्त आज्या बोलतील. ज्यांना नाव सांगायचे त्यांनी सांगावे, नाही त्यांनी नुसता तालुका सांगावा. कुणाला रडू आले तर आम्ही रेकॉर्डिंग थांबवू, आणि जे ऐकवायचे नाही ते ऐकवणार नाही.

गटांनी तोपर्यंत घरोघर विचारून ठेवावे. विचारताना तारीख सांगू नका, ती परीक्षेसारखी वाटते. असे विचारा : आजी, रझाकारी संपली त्या वेळी गणपती बसले होते, तेव्हा तू कुठल्या घरी होतीस? चूल कोण पेटवत होते? घरात नेहमीपेक्षा जास्त माणसे जेवत होती का? ती कोण होती? आणि गणपती बुडवायला त्या साली नदीवर कोण गेले होते?